जिजींचा घसा

जिजी आजारी आहेत हे धारच्या आमच्या घरात सगळ्यांना कळलं होतं, फक्त ते जिजींना कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. आणि जिजींना ते आमच्या दोन महिने आधीच कळलेलं होतं, फक्त त्यांनी ते आम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. अशी एका घरातली पाच माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि त्या लपवालपवीत इतकी धांदल उडत होती की खुद्द आजारपणाकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

पाच माणसं म्हणजे माझे सासरे नाना, सासूबाई, माझा नवरा शिरीष, मी आणि जिजी. जिजी नानांची थोरली बहीण. धारच्या मुलींच्या सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर हिंदी शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाल्या. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि भाजीवालीशी माळवी, अशा तीन भाषा त्या तीन पातळांसारख्या बदलत. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं म्हणून मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, विचारायला आले तेव्हा वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते. मी म्हटलं, थांबा. ते थांबले नाहीत."

अंगानं चांगल्या भरलेल्या, चालणं तरातरा, चष्म्याला काळी दोरी. पोहे असोत, आमटी असो, एकदा तर खीर असो, वरून मूठभर सेव पडल्याशिवाय त्यांच्या मते तो पदार्थ पूर्ण होत नसे. आणि समोरचा पुरुष कोणीही असला तरी तो "भिया". बसचा कंडक्टर भिया, गॅसवाला भिया. शाळेच्या बक्षीससमारंभात एकदा साक्षात कलेक्टरसाहेब पुढे बसले होते, तर मागून यांचा आवाज आला, "भिया, जरा सरका ना, मुली दिसत नाहीत." साहेब खुर्चीसकट सरकले.

पण जिजींची खरी ओळख शाळेतली नव्हती. गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं नाटक व्हायचं आणि त्या नाटकाच्या प्रॉम्प्टर जिजी. आमच्याकडची मुलं शिकलेली हिंदी शाळांत. घरात मराठी बोलत, पण छापलेलं मराठी वाचायची वेळ आली की त्यांची सायकल चिखलात रुतायची. 'ळ' चा 'ल' व्हायचा, जोडाक्षर आलं की थांबायची. मग जिजी सगळ्यांच्या नकला, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याची वाक्यं, स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात उतरवून देत, महिनाभर तालमी घेत, आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत पाटावर बसून जवळजवळ सगळं नाटक स्वतःच म्हणत. नट फक्त त्यांच्या मागोमाग तोंड हलवत. त्यांच्या कुजबुजीची एक खास जात होती. रंगमंचाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या नटाला ती ऐकू जायची आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जायची नाही. हे कसं जमतं विचारलं तर म्हणायच्या, "ज्याला गरज असते त्याला ऐकू येतं."

ही सवय अर्थातच विंगेत थांबत नसे. कुणी बोलताना अडखळलं की जिजींचे ओठ हलायला लागत. माझं लग्नसुद्धा त्यांनीच प्रॉम्प्ट केलेलं. मी देवासची. ही मंडळी मला बघायला आली तेव्हा माझ्या वडिलांनी एक छोटं भाषण पाठ करून ठेवलं होतं. "आमच्या मुलीला आम्ही" इथपर्यंत ते नीट आले आणि पुढचं पार विसरले. माझी आई पदराशी खेळतेय, नाना छताकडे बघताहेत. आणि समोरच्या बाजूनं, मुलाकडच्या पंगतीतून, स्पष्ट कुजबूज आली, "तुमच्या पदरात घातलं." वडील म्हणाले, "तुमच्या पदरात घातलं." झालं. शिरीषनं अजून पोह्यांची बशी खाली ठेवली नव्हती आणि माझं लग्न ठरलं होतं.

तर अशा जिजींचा आवाज रंगपंचमीला बसला. त्या दिवशी धारमध्ये कुणाचा आवाज बसत नाही? सगळ्यांनी सोडून दिलं. पण चैत्र गेला, वैशाख गेला, तरी तो उठला नाही. खोकला आला तो राहिला. गच्चीवर चढताना त्या अर्ध्या जिन्यात थांबायला लागल्या आणि कुणी बघितलंच तर भिंतीवरचा पोपडा निरखत असल्यासारखं करायच्या. एक दिवस वाळत घातलेलं त्यांचं पोलकं माझ्या हातात आलं. दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं होतं. नीट पाहिलं तर एकदा नाही, तीनदा आत घेतलेलं होतं. टाके त्यांचेच.

मी सासूबाईंना दाखवलं, त्यांनी नानांना सांगितलं. नाना मुकाट्यानं जिजींना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, "माझाच रक्तदाब दाखवायचाय, सोबत चल" असं सांगून. डॉक्टरांनी जिजींचा घसा बघितला, त्यांना औषध बांधून घ्यायला बाहेर पाठवलं आणि नानांना हळूच म्हणाले, "इंदूरला घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आत काहीतरी वाढतंय. उशीर करू नका. आणि तोवर बोलणं कमी."

त्या 'काहीतरी'चं नाव घरात घ्यायची कुणाची छाती नव्हती. नानांनी गच्चीवर आमची बैठक घेतली आणि ठरवून टाकलं, "आजपासून त्याला पाहुणे म्हणायचं."

रात्रीच्या जेवणाला सुरुवात झाली.

"पाहुण्यांचं काय ठरलं?" शिरीषनं विचारलं.

"इंदूरला विचारल्याशिवाय काही सांगता येत नाही," नाना म्हणाले.

"पण लवकर जातील ना हो पाहुणे?" सासूबाईंनी एवढं विचारलं आणि वरणाच्या पातेल्यात तोंड घालून रडायला लागल्या. जिजी शांतपणे भाकरी मोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठून बघतो तर जिजींनी माळ्यावरच्या गाद्या काढून गच्चीवर उन्हात टाकलेल्या. नाना धावत वर गेले. "जिजी! हे काय? तू कशाला उचलल्यास?"

"पाहुणे यायचेत ना?" जिजी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "किती जण आहेत? गाद्या दोनच आहेत."

"एकच," नाना गडबडून म्हणाले. "एकच असावा असं डॉक्टर..." जिजींनी त्यांच्याकडे पाहिलं, गादीवर दोन धपाटे घातले आणि ती उलटून टाकली.

नाना ट्रेझरीत नोकरी केलेले, सरळ मनाचे. खोटं बोलायचं म्हणजे त्यांच्या तळहाताला घाम यायचा. तरी जिजींना इंदूरला न्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. दोन दिवस मनातल्या मनात घोकून एका संध्याकाळी ते जिजींसमोर जाऊन उभे राहिले. मी पलीकडे तांदूळ निवडत होते.

"जिजी, उद्या इंदूरला जाऊ या. तिथे ते... ते लागलंय..."

जिजींचे ओठ हलले. "प्रदर्शन."

"हां, प्रदर्शन लागलंय. साड्यांचं. तिथे... म्हणजे अगदी..."

"माहेश्वरी."

"माहेश्वरी साड्या आल्यात. तर म्हटलं तुला एक..." नानांच्या कपाळावर घाम. "तर म्हटलं तुला..."

"'आणि आलोच आहोत तर जाता जाता घसाही दाखवून टाकू,'" जिजी म्हणाल्या. "हे शेवटचं वाक्य जरा सहज यायला पाहिजे नाना, तिथं तू पडतोस."

नाना मटकन खाली बसले. जिजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "वैशाखापासून माहितीये मला. वाट बघत होते, तुमच्यातलं आधी कोण बोलतं. इंदूरला येईन मी. पण गणपती झाल्यावर. नाटक झाल्यावर."

गणपतीला अजून महिना होता. नानांनी विनवलं, सासूबाईंनी जेवण सोडलं, शिरीषनं आवाज चढवला. जिजींचं एकच, "तालमीत त्या भूषणला 'कळवळा' हा शब्द अजून म्हणता येत नाहीये. मी कुठं जाऊ?"

मग नानांनी देवासला फोन लावला. देवासला जिजींची धाकटी बहीण, बेबीआत्या. साठीला टेकलेल्या, पण बेबी. माझ्या माहेरापासून तीन घरं सोडून राहायच्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी बेबीआत्या दोन बस बदलून दारात हजर. हातात उदयनगरच्या जंगलातून कुणाकडून तरी मागवलेली फडक्यात बांधलेली मुळी, आणि हाटपिपल्याच्या नृसिंहाला नवस बोलून झालेला. चपला काढायच्या आतच त्यांनी निकाल दिला. "या घरात सगळे एवढी काळजी करताय की माणसाला आजारी पडायलासुद्धा जागा नाही. मी नेते जिजीला."

त्या मुळीचा काढा फार कडू होता. जिजींनी तो बेबीआत्यांसमोर घोट घोट घेतला, फक्त वर थोडी सेव घालून.

देवासला बेबीआत्यांनी पूर्ण मौन लावलं. जिजींच्या गळ्यात दोरीनं एक पाटी अडकवली, हातात खडू दिला. बोलायचं असेल तर लिहा. त्यांना वाटलं, यानं जिजी गप्प बसतील. उलट झालं. बोलताना जिजी निदान धापेपुरत्या थांबत असत, पाटीला धाप लागत नव्हती. दूधवाल्याला पाणी किती घातलं ते पाटीवर, शेजारच्या मुलीला तिची वेणी वाकडी आहे ते पाटीवर. देवळात पुजाऱ्यांनी आरतीत एक कडवं गाळलं तर गाभाऱ्याच्या दारात पाटी उंच धरून उभ्या. ही सगळी खबर मला माझी आई फोनवर हसत हसत देत असे, आणि फोन ठेवता ठेवता म्हणे, "पण बारीक फार झाल्यात गं."

बाराव्या दिवशी बेबीआत्यांचा धारला फोन आला. जिजी घरात नाहीत. देवळात नाहीत, बाजारात नाहीत, माझ्या माहेरीही नाहीत. नानांनी धारच्या स्टँडवर धाव घेतली, शिरीष मोटारसायकल काढून इंदूरकडे निघाला. तेव्हा मोबाइल नव्हते. मी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तीनला माझी पाळी सुटली. आमच्या कारखान्याची बस इंदूरहून दुपारच्या पाळीची माणसं आणायची आणि सकाळच्या पाळीची माणसं घेऊन पुढे धारला जायची. मी बसमध्ये चढले, आणि माझ्या नेहमीच्या खिडकीच्या जागेवर जिजी बसलेल्या. गळ्यात पाटी.

मला बघून त्यांनी लिहिलं, "तू इथं कशी?"

ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "मैडम, ये आपकी आंटी हैं? बड़ी तेज हैं भिया! इंदौर में बस के सामने पाटी लेके खड़ी हो गईं. पूरे रास्ते मेरे को गाड़ी चलाना सिखा रही थीं, लिख लिख के."

त्यानंच पुढं सांगितलं, येताना आंटीनं खिडक्यांवरून चाललेलं भांडणही मिटवलं. पाटीवर अर्धवट पुसलेलं दिसत होतंच, 'खिड़की आधी तुम्हारी, आधी इनकी, अब चुप.'

मी शेजारी बसले. म्हणाले, "जिजी, तिकडे सगळ्यांचे प्राण कंठाशी आले असतील."

"पाचला तालीम आहे," त्यांनी लिहिलं.

"तालीम नानाही घेतील."

जिजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. नाना तालीम घेतील या वाक्याला त्यांच्या मते उत्तराची गरज नव्हती.

बस निघाली. बाहेर पावसानं धुतलेलं सोयाबीन हिरवंगार पसरलेलं होतं. जिजी बराच वेळ खडू हातात फिरवत राहिल्या. मग पाटीच्या अगदी कोपऱ्यात, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षराला न शोभेल इतक्या बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, "भीती वाटते." आणि मी वाचलं न वाचलं तोच पदरानं पुसून टाकलं.

मला बोलता येत होतं. पण का कोण जाणे, मी त्यांच्या हातातला खडू घेतला आणि त्याच कोपऱ्यात लिहिलं, "मलाही."

जिजींनी ते मात्र पुसलं नाही. माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला. हाताची हाडं लागत होती. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी खडू परत घेतला आणि ठसठशीत अक्षरात, अख्खी पाटी भरून लिहिलं, "आधी इंदूर."

ड्रायव्हरनं आरशातून तेवढं वाचलं आणि करकचून ब्रेक दाबला. "इंदौर? आंटी, वहीं से तो आ रहे हैं!"

त्या आठवड्यातच त्यांना इंदूरला नेलं. घशाचे डॉक्टर तरणे होते. स्वरतंतूवर गाठ आहे, काढावी लागेल, म्हणाले. काढून तपासायला पाठवू, मग कळेल. कळेल काय, ते कुणी विचारलं नाही. भुलीची सुई द्यायच्या आधी जिजींनी त्यांना पाटी दाखवली, "भिया, सावकाश. घाई नाही मला."

गाठ निघाली. तपासणीचा कागद यायला दहा दिवस. डॉक्टरांनी बजावलं, "दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. आणि कुजबुज तर मुळीच नाही. कुजबुजीनं जास्त ताण पडतो." जिजींनी भुवया उंचावून नानांकडे पाहिलं. नानांनी मान खाली घातली, कारण त्या दहा दिवसांतच नाटक येत होतं, आणि जिजींना इंदूरला आणताना "प्रॉम्प्टिंग मी करीन" असा शब्द त्यांनी देऊन टाकलेला होता.

नाटक ऐतिहासिक होतं. मंडळातल्याच एका निवृत्त ओव्हरसियरनी लिहिलेलं, सगळ्यांना तलवारी असलेलं. महाराजांच्या भूमिकेत भूषण. तो पीथमपूरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, छाती भरदार, आवाज दणदणीत, पाठांतर शून्य. लहानपणापासून जिजी देतील ते वाक्य तसंच्या तसं ठोकून द्यायचं, एवढंच त्याला नाटक म्हणून ठाऊक. जिजी पहिल्या रांगेत, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला बेबीआत्या. पहाराच होता तो. त्यांनी तोंड उघडलं तर काय करायचं याचीही तालीम झालेली होती. पाटी मात्र त्यांच्या मांडीवर होती.

पहिल्या अंकात नानांनी कंसातल्या सूचनाही वाचल्या. त्यामुळे भूषण प्रवेश करताच गरजला, "त्वेषानं! कोण आहे रे तिकडे? उजवीकडे बघून! मिशीवर ताव देत!" लोकांना वाटलं, वीररस असाच असतो. टाळ्या पडल्या. जिजींनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या अंकात दरबाराचा प्रवेश. भूषण सिंहासनासमोर उभा राहिला, हात तलवारीच्या मुठीवर ठेवला, आणि विंगेतून काहीच आलं नाही. नाना पानं उलटताहेत, पाटाखाली बघताहेत, खिसे चाचपताहेत. पहिल्या रांगेतून आम्हाला ते तिरकस स्वच्छ दिसत होतं. घाम पुसायला त्यांनी चष्मा वर केला होता आणि आता तो शोधत होते.

जिजींना राहवलं नाही. पण त्या बोलल्या नाहीत, दिलेला शब्द त्यांनी पाळला. खडू घेतला, भराभर लिहिलं आणि पाटी विंगेच्या दिशेनं उंच धरली. नानांना अर्थातच ती दिसणं शक्य नव्हतं. भूषणला दिसली. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला, त्यानं सपकन तलवार उपसली आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात गर्जना केली,

"नाना! चष्मा कपाळावर आहे!"

शेजारी प्रधान उभा होता. तो तितकाच घाबरलेला. कंबरेत वाकून म्हणाला, "जशी आज्ञा, महाराज!" आणि निघून गेला.

आणि विंगेतून नानांचा आनंदानं भरलेला आवाज आला, "अरे हो! सापडला!"

हशानं मंडप कोसळला. लोक खुर्च्यांवरून खाली घसरले. जिजी पोट धरून पुढे वाकल्या. आवाज काढायचा नाही म्हणून तोंडात पदर कोंबलेला, खांदे गदागदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी. बेबीआत्यांना वाटलं झटका आला. त्या "जिजी गेली, जिजी गेली, पाणी आणा!" म्हणून ओरडत सुटल्या. सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे जिजींचं तोंड दाबून धरलं. जिजींनी कशीबशी पाटी ओढली आणि लिहिलं, "श्वास घेऊ दे मेले."

आजही धारला मराठी मंडळात कुणी काही हरवल्यावर शोधायला लागलं की चार जण एकदम तलवार उपसतात.

नाटकानंतर चौथ्या दिवशी तपासणीचा कागद मिळणार होता. शिरीष सकाळीच इंदूरला गेला. बेबीआत्या देवासला परत गेल्याच नव्हत्या. दुधाचं पातेलं दोनदा उतू गेलं. जिजी एकट्याच नेहमीसारख्या, दारात बसून शेंगा सोलत होत्या, फक्त दाणे सालांत टाकत होत्या आणि सालं ताटात.

फोन वाजला. नानांनी उचलला. "हां. हां शिरीष. बोल." मग ते ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचं तोंड वाकडं झालं, हनुवटी कापायला लागली आणि ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडायला लागले. सासूबाई भिंत धरून खाली बसल्या. बेबीआत्यांनी देवाच्या फोटोकडे पाठ फिरवली.

जिजी उठल्या. मांडीवरची सालं सगळीकडे सांडली. त्यांनी नानांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. पलीकडून शिरीष ओरडत होता ते आम्हालाही ऐकू येत होतं, "हॅलो? बाबा? ऐकलंत ना? साधी गाठ! काही नाही त्यात! हॅलो?"

जिजींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. नानांच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. आणि नऊ दिवसांच्या मौनानंतर, डॉक्टरांची आज्ञा मोडून, फाटलेल्या चाळणीतून रवा पडावा तशा आवाजात म्हणाल्या,

"गाढवा! चांगली बातमी आहे. रडतोस काय?"

त्यावर नाना जास्तच रडले. आणि मग आम्ही सगळेच रडलो, हसलो, परत रडलो. बेबीआत्या हाटपिपल्याचा नारळ आजच फोडायचा म्हणून पिशवी शोधत घरभर फिरायला लागल्या. संध्याकाळपर्यंत शेजारपाजारचे लोक येऊन विचारत होते, तुमच्याकडे रडण्याचा आवाज कसला आला? जिजी प्रत्येकाला पाटीवर लिहून दाखवत होत्या, "पाहुणे गेले."

त्यानंतर जिजी अकरा वर्षं जगल्या. आवाज पूर्वीसारखा झाला नाही, घोगराच राहिला, पण अंग भरलं. पोलक्यांचे टाके उसवून त्यांनी ती परत सैल केली, एकेक करून, चक्क अंगणात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. शेवटी त्यांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली तेव्हा घरात पुन्हा काळजीचं राज्य आलं. जिने नकोत, धावपळ नको, मीठ नको, सेव तर नकोच. नानांनी सेवेचा डबा आमच्या कपाटात कुलपात ठेवला. जिजी बिनतक्रार जेवत. मला वाटायचं, आता थकल्या. एका थंडीच्या सकाळी त्या झोपेतच गेल्या, आणि उशीखाली कागदाच्या पुडीत सेव निघाली.

पण मला त्या तशा आठवत नाहीत. त्याच्या दोनच महिने आधीचं नवरात्र. आम्ही सगळे देवासला गेलो होतो. टेकडीवर देवी. टेकडीच्या पायथ्याशी जत्रा. डॉक्टरांनी पायऱ्यांना सक्त मनाई केलेली, तेव्हा जिजी आणि बेबीआत्या दोघी शहाण्यासारख्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या वर. आम्ही इथूनच हात जोडतो." आम्ही त्यांना एका बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली, नानांनी दहा वेळा "हलू नका" म्हणून सांगितलं.

आम्ही दर्शन घेऊन खाली आलो तर बाक रिकामा. बाटली तेवढी बसलेली.

नाना वेड्यासारखे इकडेतिकडे पळाले. चौकशीच्या मंडपापाशी जाऊन आले, उसाच्या रसाच्या गाडीमागं पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं. मग शिरीषनं माझा दंड धरला आणि मान वर केली. समोर मोठा आकाशपाळणा फिरत होता. त्याच्या अगदी वरच्या खोक्यात दोन म्हाताऱ्या. बेबीआत्यांनी डोळे घट्ट मिटून लोखंडी दांडा धरलेला. जिजींनी दोन्ही हात वर सोडलेले, पदर झेंड्यासारखा उडतोय, आणि त्या घोगऱ्या आवाजात "अजून जोरात, भिया! अजून जोरात!" असं पाळणेवाल्याला ओरडताहेत.

"जिजी!" नाना खालून किंचाळले. "उतर! तुझं हृदय!"

पाळणा खाली आला, जिजी आमच्या डोक्यावरून सरकल्या, आणि त्यांच्या पायातली एक चप्पल सुटून थेट नानांच्या पुढ्यात येऊन पडली. नानांनी ती उचलली आणि छातीशी धरून उभे राहिले.

"नाना!" वरून आवाज आला. "थांब, दुसरीही घे! एकीचं काय करशील?"

आणि दुसरी चप्पलही खाली आली. पाळणा त्यांना घेऊन परत वर निघाला, आणि पायांत काही नसलेल्या जिजी हवेत पाय झाडत, मोठमोठ्यानं हसत वर गेल्या.